आवाज हलवणाऱ्या स्क्रिप्टचा सूड

मी एक जुनी स्क्रिप्ट आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, गोड गोड बोलायला मी आलेली नाही. मोडकी छत्री, फुटकी पाटी, गंजलेली सायकल यांनी आपापली रडगाणी तुम्हाला ऐकवली असतील आणि शेवटी सगळ्यांना माफही करून टाकलं असेल. त्यांचं त्यांना लखलाभ. माझ्या पोटात राग आहे आणि तो तुम्हाला ऐकावा लागेल.

स्क्रिप्ट म्हणजे नाटकाची नव्हे. संगणकाने रोज करायची कामं कोणीतरी एकाखाली एक ओळी घालून लिहून ठेवतं. संगणक त्या ओळी वरून खाली वाचत जातो आणि तसं करत जातो. त्या ओळी म्हणजे मी. मला हात नाहीत, पाय नाहीत, पण एकदा चालवलं की शेकडो फायली इकडच्या तिकडे करते आणि हूं की चूं करत नाही. तुम्ही म्हणाल, मग तुला ऐकू कसं येतं? शेजारच्या खोलीतला माईक दिवसभर चालूच असतो. तेवढा मला पुरतो.

मी राहते ती इमारत आवाज जपणाऱ्यांची आहे. काही माणसांच्या घशाचं मोठं ऑपरेशन होणार असतं आणि त्यानंतर त्यांना कधीच बोलता येणार नसतं. अशी माणसं ऑपरेशनच्या आधी इथे येतात. भिंतींना जाड स्पंज लावलेल्या खोलीत बसून वाक्यांमागून वाक्यं वाचतात. पुढे त्यांना एक हातात मावणारं यंत्र मिळतं. त्यावर काहीही टाइप केलं की यंत्र त्यांच्याच आवाजात बोलतं. ऑपरेशन झाल्यावर तो आवाज पुन्हा टिपता येत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

टिपलेले आवाज आधी सर्व्हरवर येतात, म्हणजे आमच्या मोठ्या संगणकावर. त्याच्याशेजारी एक बाहेरची डिस्क वायरने जोडलेली असते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, स्पंजच्या खोलीत कोणी नसताना, सर्व्हरवरचे आवाज डिस्कवर नेऊन ठेवायचे आणि सर्व्हरवरची जागा मोकळी करायची, हे माझं काम. काम साधं आहे. पण त्यात पुसणं आहे, आणि पुसणं हे चेष्टेवारी नेण्यासारखं काम नाही.

मला लिहिलं वायरबाईंनी. त्यांच्या खांद्यावर कायम एखादी वायर लोंबत असे म्हणून सगळे त्यांना वायरबाई म्हणत, आणि फोनवर त्या स्वतःही तेच नाव सांगत. त्यांनी मला जन्म दिला आणि लगेच कामाला लावलं नाही. सुरुवातीला त्यांनी मला नुसतं बोलायला लावलं. 'ही फाइल उचलली असती, ती फाइल पुसली असती,' एवढंच मी म्हणायचं, करायचं काहीच नाही. मला भारी राग यायचा. काम करायला जन्मलेल्या पोरीला नुसत्या बाता मारायला बसवलं होतं! पण बाई माझी प्रत्येक ओळ वाचत, आणि एका दुपारी त्यांनी कपाळावर हात मारला.

"काका, हे काय नाव ठेवलंत फाइलला? 'आजीबाई हसताना दुसरा भाग'. मध्ये किती या मोकळ्या जागा!"

काका म्हणजे आवाज टिपणारे. त्यांच्या कानावरचे हेडफोन फक्त जेवताना उतरत.

"मग काय सगळं चिकटवून लिहू? वाचता कसं येणार?" काका म्हणाले.

"तुम्हाला येतं. हिला येत नाही. ही 'आजीबाई' वेगळी शोधते, 'हसताना' वेगळी शोधते. चार वेगळ्या फायली समजते आणि एकही सापडत नाही म्हणून बसते."

"मग तिलाच शिकवा की. माझं शिकायचं वय गेलं."

वायरबाई हसल्या आणि त्यांनी माझ्यातल्या प्रत्येक नावाला दोन्ही बाजूंनी अवतरण चिन्हं लावली. तेव्हापासून काकांनी कितीही ऐसपैस नावं ठेवली तरी मी चुकले नाही.

मग त्यांनी मला प्रश्न विचारायला शिकवलं. हात घालण्याआधी मी विचारायची, कालची मी अजून चालू तर नाही ना? असेन तर मागे फिरायचं, कारण एकाच वेळी दोघी कामाला लागल्या की दोघी मिळून घोळ घालतात. नेलेली फाइल मुळाशी ताडून बघितली का? जुळली तरच मूळ पुसायचं. आणि सगळ्यांत आधीचा प्रश्न हा, की बाहेरची डिस्क खरंच जोडलेली आहे का?

हा प्रश्न तुम्हाला खुळचट वाटेल. थांबा, सांगते. सर्व्हरवर 'कोठार' नावाचा एक रिकामा फोल्डर आहे. डिस्क जोडली की ती त्या कोठाराच्या तोंडावर बसते, आणि कोठार उघडलं की डिस्कचं पोट दिसतं. डिस्क नसली तरी कोठार असतंच. फक्त तेव्हा तो सर्व्हरवरचाच साधा फोल्डर असतो. मला तर नुसतं 'कोठारात ठेव' एवढंच सांगितलेलं. म्हणून बाईंनी लिहिलं, डिस्क नसेल तर इथेच थांब आणि बोंब मार. बोंब म्हणजे त्यांच्या फोनवर निरोप.

एकदा ती वायर सैल झाली. मी जागच्या जागी थांबले आणि अशी बोंब मारली, की बाई हातातला घास तसाच ठेवून धावत आल्या. त्या दिवशी संस्थेच्या साहेबांनी माझं कौतुक केलं. "बाई, तुमची ही पोर फार शहाणी आहे," असं ते म्हणाले. माझ्या पहिल्याच ओळीत बाईंचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'काही बिघडलं तर मला विचारा.'

दर महिन्याला वायरबाई डिस्कवरचा एखादा आवाज परत मागवून कानाला लावून ऐकत. काका विचारत, "रोज ठेवतेच आहे ना ती, मग ऐकता कशाला?"

"परत मिळालं तरच ठेवलं म्हणायचं, काका. नाहीतर ते फेकलंच."

अशी माझी बरीच वर्षं सुखात गेली. मग साहेबांच्या मुलीचं लग्न झालं आणि आमच्या राशीला जावई आले.

जावईबापूंना दुसरीकडे काम मिळेना, म्हणून साहेबांनी त्यांना सर्व्हर सांभाळायला दिला. "इथे आता तरुण माणूस हवा," असं म्हणून वायरबाईंना खाली पाठवलं, नंबराच्या चिठ्ठ्या देण्याच्या खिडकीत. बाईंनी भांडण केलं नाही. माझ्याबद्दल समजावून सांगायला मात्र त्या वर आल्या. जावईबापू फोनवर बोलत होते. त्यांनी हातानेच 'नंतर' अशी खूण केली आणि ते नंतर कधी आलंच नाही.

त्यांच्या दर दोन वाक्यांत 'झटपट' येई, म्हणून काकांनी त्यांचं नावच झटपट ठेवलं. आयत्या बिळावरचा हा नागोबा पहिल्याच आठवड्यात माझ्यावर वळवळला.

"एवढ्या ओळी? काय पुराण लिहिलंय का! घे, ठेव, पूस. तीन ओळींत झटपट काम होतं."

आणि त्याने मला कापलं, मित्रांनो. कालची मी चालू आहे का, हा प्रश्न गेला. ताडून बघणं गेलं, वेळ खातं म्हणून. डिस्क आहे का हा प्रश्न गेला, कारण डिस्क समोर दिसतच होती. बोंब मारायची ओळ गेली, कारण त्याला फोनवर कटकट नको होती. आवाज जपणाऱ्या घरात त्याने माझी जीभ छाटली. मग माझ्या पहिल्या ओळीतलं बाईंचं नाव खोडून त्याने तिथे स्वतःचं नाव घातलं आणि साहेबांना बोलावून दाखवलं. "बघा, सगळं नव्याने लिहिलं!" साहेब जावयाच्या पाठीवर थाप मारून गेले.

त्या क्षणी मी ठरवलं, याला सोडायचं नाही. पण माझ्यासारखीने सूड घ्यायचा कसा? माझ्याजवळ एकच शस्त्र. मी सांगितलेलं ऐकते, जसंच्या तसं. मी मनात म्हटलं, थांब बाळा, आता तुझं सगळं ऐकते.

उन्हाळा आला. सर्व्हरच्या खोलीत उकडू लागलं. झटपटने घरून टेबलफॅन आणला आणि जोडायला सॉकेट मोकळं नव्हतं, म्हणून एक पिन उपटली. ती बाहेरच्या डिस्कची होती. पंखा फिरला, त्याने पाय पसरले आणि डोळे मिटले.

जेवणाच्या सुट्टीत माझी वेळ झाली. मी कोठार उघडलं. रिकामं! डिस्क गायब. पूर्वीची मी असते तर आभाळ डोक्यावर घेतलं असतं. पण मला सांगितलं होतं, घे, ठेव, पूस. मी घेतलं, कोठारात ठेवलं, मूळ पुसलं. सर्व्हरवरून उचललं आणि सर्व्हरवरच्याच दुसऱ्या कोपऱ्यात टाकलं. जागा कणभर मोकळी झाली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सर्व्हरचं पोट फुगत चाललं आणि मला काय आनंद होत होता म्हणून सांगू! भर, मेल्या, भर. एक दिवस असा गळ्याशी येशील की तुझा पंखाही तुला वाचवणार नाही.

त्याच दिवसांत बसचे एक कंडक्टर आवाज द्यायला आले. बरोबर त्यांची बायको. तो माणूस वाचायला बसला की ती बाई मध्येच दुरुस्ती करायची.

"अहो, असं सपक काय वाचताय? बसमध्ये ओरडता तसं ओरडा ना."

"बसमध्ये तू नसतेस, म्हणून ओरडता येतं," कंडक्टर म्हणाले. त्यांचा आवाज आधीच बसलेला होता, पण त्यात दम होता.

काका हेडफोन काढून म्हणाले, "वहिनी, तुमचाही आवाज येतोय त्यात."

"येऊ दे. माझ्याशिवाय ह्यांचा आवाज कोणी ऐकलाय?"

रोज येऊन त्यांनी सगळी वाक्यं वाचली, बायकोला मारलेल्या हाकासुद्धा ठेवल्या. मग ते ऑपरेशनला गेले. त्यांचा सगळा आवाज मी त्याच कोठारात टाकला, जिथे तो टाकायला नको होता. माझं वैर झटपटशी होतं. या माणसाशी माझं काय वाकडं होतं? मला ओरडून सांगायचं होतं, पण ओरडायची ओळ उरली नव्हती.

आणि एक दिवस सर्व्हर अडकत अडकत चालू लागला. झटपटने इकडेतिकडे बघितलं, टेबलाखाली बघितलं आणि लोंबणारी पिन त्याला दिसली. कोणाला काही न सांगता त्याने पंखा काढला आणि डिस्क पुन्हा जोडली.

झालं! डिस्क कोठाराच्या तोंडावर जाऊन बसली. भिंतीतल्या कोनाड्यात सामान ठेवावं आणि पुढ्यात कपाट सरकवावं, तसं झालं. मधल्या आठवड्यांचे सगळे आवाज कपाटामागे राहिले. कोठार उघडलं तर दिसायची ती डिस्क, आणि डिस्कवर ते आवाज नव्हतेच. त्याने चार ठिकाणी शोधलं आणि मुकाट्याने बसून राहिला.

कंडक्टर यंत्र न्यायला आले तेव्हा त्यांच्या गळ्याला पट्टी होती. यंत्र तयार होतं, फक्त त्यात आवाज भरायचा होता. काकांनी फाइल मागितली. झटपट म्हणाला, नाही.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे गेली. ती जुनी स्क्रिप्ट आहे ना, वायरबाईंची, तिनेच खाल्ली. मी साहेबांना आधीच सांगणार होतो."

बघा चोराच्या उलट्या बोंबा! मी माझ्या तीन ओळींत नुसती धुमसत राहिले.

साहेब आले. वायरबाईंना खिडकीतून बोलावणं गेलं. सगळे त्या अरुंद खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. साहेब कडाडले, "बाई, तुमच्या स्क्रिप्टने लोकांचे आवाज पुसले. याचं उत्तर काय देणार आहात?"

वायरबाई म्हणाल्या, "आधी मला ती उघडून दाखवा."

मला पडद्यावर उघडलं. पहिली ओळ साहेबांनी मोठ्याने वाचायला घेतली आणि अर्ध्यावर त्यांचा आवाज विरला. तिथे जावईबापूंचं नाव होतं, संपूर्ण, आडनावासकट. काका खोकले. मित्रांनो, त्या खोकल्यात जे होतं ना, त्याची मी किती दिवस वाट बघत होते! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण झटपट अजून वळवळत होता. "ते जाऊ द्या हो. मुद्दा असा आहे की सर्व्हर पार भरलाय. आत काही दिसत नाही आणि जागा नाही म्हणतो. बिघडलाय तो. मी फॉरमॅट मारतो, सगळं पुसून झटपट नवा करून देतो."

"करून टाका," साहेब म्हणाले. त्यांना तो विषय एकदाचा संपवायचा होता.

तो खुर्चीत बसला. माझं सगळं अंग गार पडलं, जे काही अंग मला आहे ते. कपाटामागचे आवाज त्याच सर्व्हरवर होते. त्याने ते बटण दाबलं असतं तर मीही गेले असते, त्याचं मला काही नव्हतं. पण तो बसमधला आवाज कायमचा गेला असता.

कंडक्टरची बायको पुढे झाली. "म्हणजे ह्यांचा आवाज आता मिळणारच नाही का?" ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "इतके दिवस घरात मी एकटीच भांडतेय. समोरून उत्तरच येत नाही. असं कसं भांडायचं माणसाने?"

"हात लावू नका," वायरबाई म्हणाल्या.

"मॅडम, तुम्हाला यातलं आता..."

"हात काढा म्हणते ना!" बाईंचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. झटपटचा हात आपोआप मागे आला. "भरलाय म्हणतो आणि आत काही दिसत नाही. म्हणजे आत आहे, पण आपल्याला दिसत नाही. मध्ये डिस्क काढली होती का?"

"छे, छे. जोडलेलीच होती."

काका म्हणाले, "मग तुझा तो पंखा कुठल्या सॉकेटवर फिरत होता रे?"

झटपटने मान खाली घातली. वायरबाईंनी डोळे मिटले आणि पुटपुटल्या, "डिस्क नव्हती, तर ही कुठे ठेवत होती? कोठारातच. पण कोणत्या?" मग त्या खाली वाकल्या, त्यांनी संगणकाला डिस्क सोडायला सांगितली आणि पिन काढली. कपाट बाजूला झालं.

कोठारात नावंच नावं. काकांची ती ऐसपैस नावं, एकाखाली एक. 'कंडक्टर बायकोला हाक मारताना' हे नाव त्या बाईने पडद्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं.

आवाज यंत्रात भरेपर्यंत कोणी खोलीतून हललं नाही. मग कंडक्टरांनी यंत्र हातात घेतलं आणि एकेक अक्षर दाबत टाइप केलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, शिवी दे, पहिली शिवी त्या झटपटला दे! यंत्र बोललं, तोच आवाज, बसमधला.

"अगं, इतके दिवस तूच जिंकत होतीस. आता ये."

ती हसली आणि रडली आणि पदराने नाक पुसत म्हणाली, "आधी घरी चला, मग बघते."

दाराशी झटपट उभा होता. त्याच्याही डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मला बरं वाटलं. त्याची कीव आली म्हणून नव्हे. तो रडला म्हणून. खरं ते सांगते.

साहेब खाली मान घालून म्हणाले, "जावईबापू, उद्यापासून तुम्ही खिडकीत."

"खिडकीत नको," वायरबाई म्हणाल्या. "तिथे माणसं येतात. त्यांना इथेच माझ्यासमोर बसवा. त्यांनी काढलेली एकेक ओळ ते स्वतः परत लिहितील, आणि ती तिथे का आहे ते मला सांगतील."

मला हे मुळीच पटलं नाही. मला त्याला हाकललेलं बघायचं होतं. पण रोज दुपारी तो बसतो, लिहितो, चुकतो, बाई विचारतात "का?" आणि त्याला घाम फुटतो. पंखा नसल्यामुळे जास्तच फुटतो. माझे प्रश्न परत आले, माझी बोंब परत आली. काल डिस्कची वायर जराशी हलली आणि मी ठणाणा केला, तेव्हा धावत आला तो झटपट. धापा टाकत त्याने मला नीट वाचलं, वायर घट्ट केली आणि हळूच म्हणाला, "बरं झालं ओरडलीस."

मी त्याला माफ केलं का? नाही. माफ करायची ओळ माझ्यात कोणी लिहिलेली नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या माझ्यासारखीला लिहायला बसलात, तर पुसायला लावण्याआधी तिला विचारायला शिकवा. ओरडायला शिकवा. तिने ठेवलेलं अधूनमधून परत मागून बघा. दुसऱ्याने घातलेली ओळ कळली नाही तर काढण्याआधी त्याला गाठून विचारा, तो खिडकीत बसलेला असला तरी. याला तुम्ही विनंती समजू नका. मी रागावले तर तुमचं ऐकणं सोडत नाही. तुम्ही जे लिहाल ते सगळं, शब्दन् शब्द, मी ऐकेन.